वाचकांचे प्रश्न : पहिला कुत्रा कोणता घ्यावा?

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की या सदराकडे कुत्र्यांविषयीची पत्रं वाढतात. या वेळी निवडलेली सगळी पत्रं आयुष्यात पहिल्यांदाच कुत्रा आणणाऱ्या, किंवा नुकताच आणलेल्या घरांमधली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. सकाळी नऊला बाहेर पडतो, संध्याकाळी सातला परततो. घरी सासूबाई (वय 66) आणि आठ वर्षांची मुलगी. चौथ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट, लिफ्ट आहे. मुलीला निळ्या डोळ्यांचा हस्की हवाय, यांना लॅब्रेडॉर, आणि सासूबाई म्हणतात, आणायचाच तर छोटा पॉम आणा. कोणाचं ऐकावं? – पिंपळे सौदागर, पुणे

उत्तर : तुमचं वेळापत्रक पाहता कुत्रा मुलीचाही नाही आणि यांचाही नाही, तो सासूबाईंचा होणार आहे. दिवसाचे दहा तास त्याला जेवू घालणं, खाली नेऊन आणणं, तोंडातली चप्पल सोडवणं त्यांच्याच वाट्याला येणार. तेव्हा पहिला होकार त्यांचा घ्या. तो मनापासून नसेल तर विषय इथेच थांबवा.

होकार मिळाला, तर फोटो बाजूला ठेवून प्रत्येक जातीबद्दल एवढंच विचारा : माणसानं ही जात कुठल्या कामासाठी घडवली? पिढ्यानपिढ्या ज्या गुणासाठी निवड झाली, तो गुण फ्लॅटमध्ये आणल्यानं जात नाही. काम मिळालं नाही की तो सोफ्यावर निघतो.

हस्की सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून स्लेज ओढायला तयार केला. न थकता ओढत राहणं हाच त्याचा गुण. पट्टा लावला की ओढणार, दार उघडं दिसलं की सुटणार, एकटा पडला की गळा काढणार. अंगावर केसांचे दोन थर, आतला दाट आणि मऊ, बाहेरचा लांब, म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यात त्याचे हाल. उन्हाळ्यात काही जण वस्तरा फिरवून त्याला मोकळं करतात, ते तर आणखी वाईट. बाहेरचे केस ऊनही अडवतात, आणि एकदा काढले की पूर्वीसारखे येतीलच असं नाही. मुलीला हे सगळं सांगा, आठ वर्षांच्या मुलांना कळतं.

लॅब्रेडॉर मूळचा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा मदतनीस. पाण्यातली जाळी आणि सुटलेले मासे तोंडात धरून आणायचा. पुढे ब्रिटनमध्ये शिकारीत पडलेले पक्षी आणू लागला. त्यामुळे मिळेल ते तोंडात धरणं ही त्याची खोड नव्हे, पेशा आहे. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत रिमोट, मोजे, पेन्सिली यांची खैर नाही, आणि गिळलेला मोजा आतड्यात अडकला की ऑपरेशन करावं लागतं. माणसाळू, शिकायला उत्सुक, मुलांत रमणारा, हे सगळं खरं. पण वाढलेला नर 29 ते 36 किलोचा, मादी 25 ते 32 किलोची. रोज किमान तासभर चालणं, बाराही महिने केस गळणं आणि कधीच न भरणारं पोट हेही सोबत येतं. समोर मांजर दिसल्यावर 30 किलोचा हिसका 66 वर्षांच्या मनगटाला आणि गुडघ्याला कसा बसेल, याचा विचार करा.

आपल्याकडे ज्याला पॉम म्हणतात तो बहुतेक वेळा पोमेरेनियन नसतोच, इंडियन स्पिट्झ असतो. खरा पोमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोचा. छोटा स्पिट्झ पाच-सात किलोचा, मोठा त्याच्या दुप्पट. इथल्या हवेला सरावलेला, चलाख, बेताचं खाणारा. वांधा आवाजाचा. बेल, लिफ्टचा दरवाजा, खिडकीतलं कबूतर, सगळ्याची नोंद तो भुंकून करतो.

तुमच्या घरासाठी आमची पसंती तिघांनाही थोडी धक्का देणारी आहे : दीड ते तीन वर्षांची, 12 ते 18 किलोची, नसबंदी झालेली इंडी म्हणजे आपली गावठी कुत्री, दत्तक. स्वभाव आधीच कळलेला असतो, वजन आणखी वाढणार नसतं, आणि बऱ्याचदा बाहेर शू-शी करायची सवयही लागलेली असते. पिल्लाचं गणित वेगळं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते लघवी रोखू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. सासूबाईंना दिवसाला सात-आठ वेळा फरशी पुसावी लागेल. दुसरी पसंती स्पिट्झ. लॅब्रेडॉरच घ्यायचा ठरला, तर पहाटेची फेरी कोण काढणार ते आधी ठरवा, आणि महिनाभर कुत्र्याविना काढून दाखवा. रोज सहाला उठून पाऊण तास चालून या. पंधराव्या दिवशी उत्तर मिळेल.

मुलीसाठी एक नियम भिंतीवर लावा : जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि हाडूक चघळणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. मिठी मारली की कुत्रा मान फिरवतो, जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसू लागतं. लोकांना हे गोड वाटतं. ते ‘सोड मला’ असं सांगणं असतं. ते कळलं नाही, तर पुढे गुरगुरणं, त्यापुढे दात.

प्रश्न : माझ्या भावाला पग फार आवडतो. छोटा आहे, शांत आहे, फ्लॅटला बरा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. चालेल का? – नागपूर

उत्तर : एसी दिवसभर चालू ठेवायची तयारी नसेल तर नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, म्हणजे जीभ आणि नाकातल्या ओलाव्यावरून हवा खेळवूनच तो अंग थंड करतो. पगचं तोंड माणसानं इतकं चपटं केलंय की नाकपुड्या चिरेसारख्या, आणि टाळूचा मऊ भाग घशात लोंबणारा. हवा खेळवायचं यंत्रच अर्धं बंद. फ्रेंच बुलडॉग आणि शिह त्झूलाही कमी-अधिक हेच लागू आहे. जागेपणी घोरणारा पग ‘क्यूट’ वाटतो, पण त्याचा श्वास कोंडत असतो.

भावानं तरीही घेतलाच, तर पिल्लाच्या नाकपुड्या बघा. श्वास घेताना त्या आत ओढल्या जाऊन मिटत असतील तर ते पिल्लू सोडा. चेहऱ्यावरच्या घड्या रोज ओल्या कापडानं पुसून लगेच कोरड्या करा, नाहीतर आत घाण वास आणि बुरशी. फेरी पहाटे साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, पाय लटपटतात, असं दिसलं की नळाचं साधं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो.

प्रश्न : एका ब्रीडरकडे गोल्डन रिट्रीव्हरची पिल्लं आहेत. तो म्हणतो 45 दिवसांचं झालं की घेऊन जा, कागद हवे असतील तर जास्त पैसे. पिल्लू निवडताना काय बघायचं? – नाशिक

उत्तर : ‘45 दिवस’ हा आकडा आपल्या बाजारात मंत्रासारखा म्हटला जातो, पण नियमात तो बसत नाही. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या, म्हणजे 56 दिवसांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. हे अकरा दिवस फुकटचे नाहीत. भावंडांना चावल्यावर ती किंचाळतात, खेळ थांबतो, आई दटावते. किती जोरात चावायचं हे पिल्लू तिथे शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू तोच धडा तुमच्या हातावर शिकतं. ब्रीडरची घाई समजण्यासारखी आहे. दूध तुटलं की पिल्लं खायला लागतात, आणि खर्च त्याचा असतो.

कागद म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र. त्यात वंशावळ कळते, प्रकृती नाही. गोल्डन, लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड घेताना आई-बापांच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का, हे विचारा. या जातींमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढ्यांतून उतरतो. ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ हे एक्स-रेशिवाय आलेलं उत्तर म्हणजे नकार समजा.

आई बघायलाच हवी. ‘ती गावाला आहे’ म्हटलं तर तिथून निघा. आई अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात थरथरत असेल किंवा अंगावर येत असेल, तर पिल्लांतही ते थोडंबहुत उतरतं. मग पिल्लं दुपारी, जेवणानंतर झोपून उठल्यावर बघा. भुकेली किंवा झोपाळू पिल्लं काही सांगत नाहीत. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या दिसतायत? जंत आहेत. शेपटीखाली ओलं किंवा चिकटलेलं? जुलाब. हिरडी बोटानं दाबून सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. कानात कॉफीच्या चोथ्यासारखं काळं असेल तर कानातले किडे. बेंबीपाशी मऊ फुगा लागला तर हर्निया. लहान असेल तर नसबंदीच्या वेळी शिवता येतो, पण किंमत ठरवताना बोला.

मग किल्ल्यांचा जुडगा चार फुटांवर जमिनीवर टाका. दचकून थांबून, पुन्हा वास घ्यायला येणारं पिल्लू पहिल्या घरासाठी उत्तम. मागच्या कोपऱ्यात जाऊन बाहेरच न येणारं नको. आणि सगळ्यांना तुडवत आधी तुमच्या मांडीवर चढलेलं, ज्याला लोक ‘त्यानंच आम्हाला निवडलं’ म्हणतात, ते अनुभवी माणसाला ठीक. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं दचकून परत येणारंच घ्यावं.

गोल्डनबद्दल एवढंच : स्वभाव सोन्यासारखा, केस रोज विंचरायला हवेत. आठवड्यात तीन दिवस चुकले तर कानामागे आणि मांडीत जटा होतात, मग कात्रीच लागते. पावसाळ्यात आतला थर सुकत नाही, त्वचेवर ओले, दुखरे चट्टे उठतात. नाशिकच्या हवेत सांभाळता येईल.

प्रश्न : पहिला कुत्रा रॉटवायलर घ्यावा का? बंदी आहे म्हणतात. – लोणावळा

उत्तर : मार्च 2024 मध्ये केंद्रानं 23 जातींविषयी पत्रक काढलं होतं, त्यात रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयानं ते एप्रिल 2024 मध्ये रद्द ठरवलं. मात्र काही महापालिकांनी स्वतःचे नियम केलेत, ते परवाना विभागात विचारून घ्या. बंदी असो-नसो, उत्तर नको हेच. 45 किलोच्या राखणदार कुत्र्याच्या मनात काय चाललंय हे वाचायला आधी एखादा सोपा कुत्रा हाताखालून जायला हवा.

प्रश्न : शेतावर घर आहे, राखणीला कुत्रा हवा. वडील म्हणतात कारवानी आण, देशी आहे. – सांगोला

उत्तर : कारवानी, कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात, तो नजरेवर शिकार करणारा धावपटू. 2005 मध्ये टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. अंगाला चरबी नाही, केस आखूड, उन्हाला पक्का, आजारपण कमी, खाणं बेताचं. पण राखणदार म्हणून वडिलांची अपेक्षा थोडी चुकतेय. तो अनोळखी माणसापासून लांब राहतो, भुंकतो, पण त्याला घडवलंय सशामागे सुटायला. शेजाऱ्याच्या कोंबड्या, शेळीची करडं त्याला ससाच वाटतात. दोन ते चार महिन्यांच्या वयात त्याला रोज कोंबड्या-शेळ्यांत पट्ट्यावर बसवून ठेवा. पट्टा रुंद घ्या. या जातीची मान डोक्यापेक्षा फार बारीक नसते, त्यामुळे साधा गळपट्टा डोक्यावरून निघून येतो. साखळीला दिवसभर बांधलेला कारवानी हमखास चिडका होतो. कुंपण पाच फुटांच्या खाली असेल तर ते नाही असंच धरा.

प्रश्न : रस्त्यावरचं दोन महिन्यांचं पिल्लू मुलांनी घरी आणलंय. दूध-पोळी खातंय. लस कधी द्यायची? केवढं होईल? – डोंबिवली

उत्तर : केवढं होईल हे पंजावरून सांगणाऱ्यांवर विसंबू नका. आपली गावठी कुत्री साधारण 12 ते 20 किलोची होते, नर थोडा अधिक. चार महिन्यांचं झालं की वजन करा आणि दुप्पट करा, बऱ्यापैकी जवळ जाल.

आधी डॉक्टर, मग आंघोळ. पहिल्या भेटीत जंताचं औषध वजनावर मिळेल. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी. गोचीड असतील तर उपटून चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. औषधाचे थेंब डॉक्टर वय पाहून देतील. गोचीड-तापाकडे लक्ष ठेवा : खाणं सोडलं, हिरड्या फिकट, ताप, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा.

पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एका इंजेक्शनवर का भागत नाही? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाच निकामी करते, आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वयात ओसरते. मधला डोस नेमका त्या फटीत पडावा म्हणून हे वेळापत्रक. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, मग वर्षानं, पुढे डॉक्टर सांगतील तशी. तुमच्याकडे पावसात रस्त्यावर पाणी साचतं, उंदीर असतात, म्हणून लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस सोडू नका. पिल्लाला रेबीजची लस होईपर्यंत त्याचा दात मुलांना लागला तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच रुग्णालयात जा, ‘आपलंच तर आहे’ म्हणून थांबू नका.

दूध-पोळीवर पिल्लू जगतं, वाढत नाही. दुधातली साखर न पचून जुलाब होतात, पोळीत प्रथिनं थोडी. नुसतं उकडलेलं चिकन-भात हाही उपाय नाही. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य, म्हणून शरीर ते हाडांतून काढतं, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात. एक वर्षाचं होईपर्यंत पिल्लांचं तयार खाद्य हाच सोपा मार्ग. पाकिटावरच्या तक्त्यातलं प्रमाण मोजून, तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहापर्यंत तीन, मग दोन. सध्याचं खाणं आठवड्याभरात हळूहळू बदला. त्यावर कॅल्शियमचं औषध स्वतःहून देऊ नका. घरातल्या कांदा-लसणाची भाजी, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि शिजलेली हाडं त्याच्या ताटात नकोत.

वजन ठीक आहे का हे मुठीवर कळतं. मूठ न वळता हात उघडा ठेवून बोटांच्या मागच्या सांध्यांवरून दुसरा हात फिरवा : बरगड्या अशा लागायला हव्यात. मूठ वळून फिरवल्यासारख्या लागल्या तर बारीक, तळहातावर फिरवल्यासारख्या लागल्या तर जाड.

शू-शीसाठी लस पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या बागेत नेऊ नका, बाल्कनीत एकाच जागी कागद किंवा ट्रे ठेवा. उठल्यावर, खेळल्यावर आणि खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत तिथे न्या, झालं की लगेच, अगदी तीन सेकंदांच्या आत, बिस्किटाचा तुकडा द्या. नाक घासून मारलं की पिल्लू एवढंच शिकतं की यांच्यासमोर करायचं नाही. मग ते पलंगाखाली करतं. पुसताना अमोनियाच्या वासाचं क्लीनर नको, त्याला तो लघवीचाच वास वाटतो.

आणि सोसायटी. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण सभेत बहुमतानं ठराव झाला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तुमच्याकडून पट्टा, घाण उचलणं आणि महापालिकेचा परवाना, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवा.

प्रश्न : पहिलंच पिल्लू दोन महिन्यांपूर्वी आणलं आणि पाचव्या दिवशी पार्व्होनं गेलं. मुलगा अजून रडतो. आता दुसरं आणायचंय. काय काळजी घेऊ? – सातारा

उत्तर : पाचवा दिवस म्हणजे लागण बहुधा तुमच्याकडे येण्याआधीच झालेली. या आजाराची लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस, क्वचित दोन आठवडे लागतात. तुमचं काही चुकलं असं धरू नका.

मात्र विषाणू अजून घरात असेल. सावलीतल्या मातीत तो वर्षभरही टिकतो, आणि फिनेल-डेटॉलला दाद देत नाही. म्हणून सगळ्यात सुरक्षित म्हणजे लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणणं. पिल्लूच हवं असेल तर सोळा आठवड्यांचं, सगळे डोस झाल्यावर आठ-दहा दिवस उलटलेलं घ्या. तोवर फरशी, बाल्कनी, पायऱ्या आधी साबणानं स्वच्छ धुवा, कारण घाणीवर ब्लीच चालत नाही. मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून ओता, दहा मिनिटं ओलं राहू द्या, पाण्यानं धुवा. खिडक्या उघड्या ठेवा आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो. गादी, दोरीचा पट्टा, मऊ खेळणी, टोपली टाकून द्या. स्टीलची भांडी ठेवता येतील. त्याच ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून दोनदा विसळा.